घरच्या व्यायामासाठी साधने निवडताना : आधी माणूस, मग यंत्र

दिवाळीचे सेल लागले, की बडोद्यातल्या आपल्या अनेक घरांत एक विषय हमखास निघतो : या वेळी ट्रेडमिल घ्यायची का? कधी मुलगा बंगळुरूहून किंवा अमेरिकेतून आई-बाबांसाठी परस्पर ऑनलाइन मागवून टाकतो. मोठे खोके येते, माणूस येऊन जोडून देतो, पहिले आठ-दहा दिवस सगळे हौसेने चालतात. मग गुडघा दुखतो, पट्टा वेगात सुटला म्हणून आईला भीती वाटते, लाइट जातात, पाहुणे येतात. होळीपर्यंत त्या यंत्राच्या दांड्यावर टॉवेल वाळत असतात.

पैसे वाया गेले, एवढ्यापुरते हे नुकसान असते तर फारसे बिघडले नसते. पण 'व्यायाम आपल्याला जमत नाही' अशी समजूत घरात पक्की होते, हे त्याहून मोठे नुकसान आहे. साठीनंतरच्या माणसाला ती समजूत महागात पडते. म्हणून मंडळाच्या सभासद कुटुंबांसाठी हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : साधन कोणते घ्यायचे हे ठरवण्याआधी ते कोण वापरणार आणि त्या माणसाच्या शरीराला कशाची उणीव आहे, हे पाहावे. पहिली खरेदी ताकद आणि तोल यांच्यासाठी असावी, आणि मोठ्या यंत्राचा विचार किमान तीन महिने नियमित व्यायाम झाल्यावर करावा.

आखाड्यात साधने किती होती?

आपले शहर या बाबतीत नशीबवान आहे. प्रा. माणिकरावांनी आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाने चालवलेले व्यायाममंदिर इथलेच. द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश बडोद्यातूनच निघाला आणि १९५० मध्ये त्यावर आधारलेला इंग्रजी ग्रंथही इथेच छापला गेला. आपल्यातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा पहाटे तालमीत जात, ही आठवण अजून सांगितली जाते.

त्या तालमीत सामान किती असे? मुद्गलाच्या दोन-चार जोड्या, मलखांब, थोडी वजने आणि मोकळी जमीन. जोर आणि बैठकांना तर काहीच लागत नसे. आधी स्वतःच्या शरीराचे वजन पेलायला शिकायचे, मग हलका मुद्गल, मग जड, हा क्रम होता. वस्तू थोड्या असल्या तरी चुकीचा हात, वाकलेली पाठ ताबडतोब हेरणारा उस्ताद समोर उभा असे.

घरी व्यायाम करताना नेमका हाच डोळा नसतो. म्हणून खर्चाचा अंदाज बांधताना पहिली रक्कम एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या किंवा जाणत्या प्रशिक्षकाच्या दोन-तीन भेटींसाठी बाजूला ठेवावी, असे आम्ही सुचवू. साठी ओलांडलेल्यांनी तर नक्कीच. यंत्राच्या किमतीपुढे ही रक्कम लहान असते आणि तिचा उपयोग मात्र पुढची अनेक वर्षे होतो.

शरीराला काय हवे असते

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस मुख्य स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचाही व्यायाम करावा, असे त्यात वेगळे सांगितले आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल हवी.

यातला चालण्याचा भाग आपल्याकडे बऱ्यापैकी होतो. सकाळी कमाटीबागेत गेले तर आपलीच निम्मी मंडळी भेटतात. ताकद आणि तोल हे दोन भाग मात्र राहून जातात. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात. चालण्याने हृदय व श्वास सुधारतो, पण मांड्या, खांदे आणि पाठ यांचे स्नायू टिकवायला वजनाचा किंवा ताणाचा विरोध लागतो. न्हाणीघरात पाय सरकला तर सावरून धरण्याचे काम हेच स्नायू करतात. जी मंडळी रोज चालतात, त्यांच्या घरी ट्रेडमिल आणली तर जे आधीच होत आहे तेच पुन्हा होईल आणि जे होत नाही ते तसेच राहील.

खरेदीआधी एक खुर्ची

घरातल्या ज्येष्ठांची गरज ओळखायला एक सोपी चाचणी आहे. साधारण ४३ सेंटिमीटर म्हणजे १७ इंच उंचीची, हात नसलेली, घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून तिच्यावरून पूर्ण उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे. ३० सेकंदांत किती वेळा जमते ते मोजा. कुणीतरी शेजारी उभे राहावे. ७० ते ७४ या वयात पुरुषांना १२ पेक्षा कमी आणि स्त्रियांना १० पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. ६५ ते ६९ या वयासाठी हेच आकडे १२ आणि ११ आहेत. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका, डॉक्टरांना सांगा.

गंमत म्हणजे ही चाचणी हाच व्यायामही आहे. दिवसातून दोन वेळा आठ-दहा उठबशा याच खुर्चीवर केल्या, की मांड्यांची ताकद वाढू लागते. तोलासाठी स्वयंपाकघरातला ओटा धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग पाय बदलावा. चहा उकळेपर्यंत दोन्ही पायांचे होते. प्लास्टिकची खुर्ची यासाठी वापरू नका, टाइलवर तिचे पाय फाकतात. चाके असलेली ऑफिसची खुर्ची तर अजिबात नको.

पहिली टोपली

ज्या वस्तूंवर सुरुवातीला पैसे घालावेत, त्या सगळ्या एका मोठ्या टोपलीत मावतात.

*चटई.* योगासनांची चटई ४ ते ६ मिलिमीटर जाडीची पुरते. गुडघे टेकल्यावर दुखत असतील तर जाड घ्या. पण तोलाचे व्यायाम जाड, मऊ चटईवर करू नका, पाय डगमगतो. घेताना फरशीवर अंथरून हाताने ढकलून पाहा, घसरता कामा नये.

*रबरी पट्टे.* यांना रेझिस्टन्स बँड म्हणतात. लांब, सपाट, हलक्या आणि मध्यम ताणाचे दोन पट्टे पुरेत. रंगावरून ताण ओळखता येतो, पण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, म्हणून वेष्टनावर लिहिलेले वाचूनच घ्या. पाठीचे आणि खांद्यांचे व्यायाम डंबेल्सपेक्षा पट्ट्याने सोपे जातात. लॅटेक्सची अॅलर्जी असलेल्यांनी त्याविनाचा पट्टा मागावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होते, त्यामुळे पट्टा अगाशीत किंवा खिडकीत ठेवू नये. वापरण्याआधी ताणून बारीक चिरा पाहाव्यात, कारण तुटलेला पट्टा सरळ डोळ्यावर येतो.

*डंबेल्स.* किती वजनाचे घ्यायचे? जे वजन नीट पद्धतीने ८ ते १२ वेळा उचलता येते आणि शेवटच्या दोन वेळांना कष्ट पडतात, ते आपले वजन. खरेदीआधी घरीच अंदाज घ्या : एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे साधारण एक किलो, पिठाची पिशवी पाच किलो. ज्येष्ठांना बहुधा १ आणि २ किलोच्या जोड्यांपासून सुरुवात करता येते. तरुणांनी चकत्या बदलता येणारी जोडी घ्यावी, म्हणजे ताकद वाढेल तसे वजन वाढवता येते. अशा जोडीत चकत्या घट्ट धरणारे आटे किंवा चिमटे नीट बसतात का, हे दुकानातच पाहावे. आत सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या चकत्या स्वस्त असतात, पण आकाराने मोठ्या आणि पडल्या की तडकणाऱ्या. बिडाच्या चकत्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, फक्त पावसाळ्यात कोरड्या फडक्याने पुसून ठेवाव्या लागतात.

*पायाला बांधायची वजने.* अर्धा ते एक किलोची जोडी, खुर्चीवर बसून पाय सरळ करण्यासाठी. ती बांधून फिरायला जाऊ नये, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर नको तो ताण येतो.

*दोरी किंवा मुद्गल.* घरात मुले असतील तर दोरीवरच्या उड्यांइतके स्वस्त साधन दुसरे नाही. मुद्गलाची हौस असेल तर हलक्या जोडीने आणि जाणत्याच्या देखरेखीखाली सुरुवात करावी. हात आणि मुद्गल मिळून जेवढे अंतर होते तेवढी जागा चहूबाजूंनी मोकळी हवी. वरचा पंखा विसरू नका.

ही टोपली बैठकीच्या खोलीत, डोळ्यांसमोर ठेवा. आमच्या मते निवडीचा हा फार महत्त्वाचा भाग आहे. जे साधन पलंगाखालून ओढून, जोडून, पुन्हा आवरून ठेवावे लागते, ते घरातल्या बाईच्या वाट्याला कधीच येत नाही. तिला सलग तास मिळत नाही, दहा-दहा मिनिटे मिळतात. त्या दहा मिनिटांत हाताशी येईल तेच तिचे साधन.

जागा आणि घर

मोठे काही घेण्याआधी मापाची पट्टी हातात घ्या. चटईवरच्या व्यायामाला साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद जागा पुरते. ट्रेडमिलला तिच्या स्वतःच्या लांबीखेरीज मागे सुमारे दोन मीटर मोकळी जागा हवी. मागे भिंत किंवा कपाट असेल तर पडलेला माणूस पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये अडकतो. उंचीचाही हिशेब करा. पट्टा जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर असतो, त्यावर माणसाची उंची आणि पावलागणिक होणारी उसळी. पोटमाळ्याखालची 'रिकामी जागा' यासाठी बहुतेक वेळा चालत नाही.

पोळीतल्या जुन्या, लाकडी पाटनाच्या घरांत वरच्या मजल्यावर जड यंत्र ठेवण्याआधी जाणकाराला पाटन दाखवावे. सिमेंटच्या नव्या इमारतीत वजनाची अडचण सहसा येत नाही, कारण राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार धरून आखलेला असतो. तिथे प्रश्न आवाजाचा. पहाटे साडेपाचला खालच्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर धपधप होत असेल तर सोसायटीत संबंध बिघडतात. जाड रबरी मॅट घातल्याने आवाज कमी होतो, थांबत नाही.

मोठे यंत्र घ्यायचेच असेल तर

तीन महिने टोपलीतल्या वस्तू नेमाने वापरल्या, उन्हामुळे किंवा पावसामुळे बाहेरचे चालणे वारंवार चुकते, किंवा गुडघ्यांमुळे चालणेच जमत नाही, अशी ठोस कारणे असतील तर यंत्राचा विचार जरूर करावा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर घरात चालण्याची सोय असणे चांगलेच.

*ट्रेडमिल.* जाहिरातीत मोटरची ताकद मोठ्या अक्षरांत असते, पण ती बहुधा क्षणिक कमाल ताकद असते. सलग चालणारी ताकद किती, हे विचारा. चालण्यासाठी साधारण २ हॉर्सपॉवर आणि पळण्यासाठी ३ च्या आसपास असावी. चालण्यासाठी पट्टा सुमारे ४० सेंटिमीटर रुंद चालतो, पळणाऱ्याला ५० च्या जवळपास हवा. वापरणाऱ्याच्या वजनाची लिहिलेली मर्यादा घरातल्या सर्वांत जड माणसापेक्षा किमान १५-२० किलोने जास्त असू द्या. ज्येष्ठांसाठी दोन्ही बाजूंचे दांडे लांब असावेत, सर्वांत कमी वेग खरोखर कमी असावा आणि कपड्याला अडकवायची सुरक्षा-किल्ली ओढताच पट्टा थांबावा. प्लग अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या बोर्डातच लावावा, एक्स्टेन्शनवर नाही.

*सायकल.* गुडघेदुखी किंवा पडण्याची भीती असणाऱ्यांना ट्रेडमिलपेक्षा स्थिर सायकल बरी. कंबरदुखी असेल तर पाठीला टेकू असलेली, पाय समोर ठेवायची सायकल पाहावी, चढायला-उतरायलाही ती सोपी. चुंबकीय विरोधाची सायकल आवाज कमी करते, घासणाऱ्या पॅडची स्वस्त असते पण पॅड झिजतात. पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील अशी सीट लावता आली पाहिजे. नवरा-बायकोच्या उंचीत फरक असतो, तेव्हा सीट सहज खाली-वर होते का ते दोघांनी बसून पाहावे. एक लक्षात असू द्या : सायकलमुळे दम वाढतो, पण शरीराचे वजन सीटवर असल्याने हाडांना चालण्याइतका भार मिळत नाही. म्हणून सायकल घेतली तरी खुर्चीच्या उठबशा चालूच ठेवाव्यात.

*दाराला लावायचा लोंबकळण्याचा दांडा.* मुलांना फार आवडतो. नुसत्या दाबावर चौकटीत अडकणारा दांडा सुटू शकतो. जुन्या लाकडी चौकटीला वाळवी लागलेली नाही ना, हे आधी पाहा. शक्यतो भिंतीत बोल्ट मारून बसवलेला दांडा घ्यावा.

घेताना विचारायचे प्रश्न

यंत्र फोटोवरून घेऊ नये. दुकानात बूट घालून किमान दहा मिनिटे वापरून पाहावे, आणि ज्याच्यासाठी घ्यायचे त्यानेच वापरावे. परगावच्या मुलांना आमची विनंती आहे, की आई-बाबांसाठी परस्पर मागवण्याऐवजी त्यांना दुकानात नेऊन बसवायला कुणा भावंडाला सांगा.

वॉरंटीचा कागद नीट वाचा. मोटरची हमी अनेक वर्षांची आणि इलेक्ट्रॉनिक भागांची एकाच वर्षाची, असे पुष्कळदा असते, आणि आधी बिघडतात ते हेच भाग. दुरुस्तीचा माणूस बडोद्यात आहे की अहमदाबादहून यावा लागतो, त्याच्या भेटीचे पैसे किती, वर्षाचा देखभाल करार मिळतो का, हे विचारून घ्यावे. पट्ट्याखाली सिलिकॉनचे वंगण किती दिवसांनी घालायचे तेही दाखवून घ्यावे.

जुने यंत्र घेण्यात कमीपणा काही नाही. फारसे न वापरलेले यंत्र चांगल्या किमतीत मिळू शकते. ट्रेडमिल पंधरा मिनिटे चालवून जळका वास येतो का, पट्टा एका बाजूला सरकतो का, कडा उसवल्या आहेत का, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

ज्यावर पैसे घालू नयेत

पोटावर बांधून घाम काढणारे पट्टे, अंग थरथरवणारी यंत्रे, 'फक्त पोट कमी करणारी' उपकरणे यांच्या मोहात पडू नका. घामाने जाते ते पाणी, आणि ते पाणी प्यायल्यावर परत येते. शरीराच्या एकाच ठिकाणची चरबी व्यायामाने वेगळी काढता येत नाही. उभे राहून कंबर फिरवायची गोल तबकडी ज्येष्ठांसाठी धोक्याची आहे, तोल जातो.

सांभाळून

घरात नातवंडे असतील तर ट्रेडमिलची सुरक्षा-किल्ली काढून वर ठेवा आणि प्लगही काढा. चालत्या पट्ट्यात लहान बोटे ओढली गेली की गंभीर जखम होते. डंबेल्स उंच फळीवर ठेवू नका. मोठी मुले वजने उचलू लागली तर 'उंची खुंटेल' म्हणून घाबरू नये. देखरेखीखाली, हलक्या वजनाने आणि योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही.

रक्तदाब असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास रोखू नये, उचलताना सोडावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी आणि जवळ काही गोड ठेवावे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी व्यायाम नको. हाडे ठिसूळ झाली असतील तर वजन घेऊन पुढे वाकू नये. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बदललेला सांधा असेल, तर सुरुवातच डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. व्यायाम करताना छातीत दुखले, घेरी आली किंवा दम विचित्र लागला, तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

या दिवाळीत खरेदीला निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाने एकदा त्या खुर्चीवर ३० सेकंद बसून-उठून पाहावे आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा. रोज दोन वेळा उठबशा, ओट्यापाशी एका पायावर उभे राहणे आणि आठवड्यातून तीनदा पट्टा किंवा डंबेल, एवढे संक्रांतीपर्यंत करून पुन्हा मोजावे. आकडा वाढला असेल तर पुढचे साधन कोणते हवे, हे तुमचे शरीरच सांगेल. आणि कदाचित असेही लक्षात येईल, की टोपलीत आहे तेवढे पुरेसे आहे.